शेवटचा शब्द टेकूचा

३ नोव्हेंबर, सोमवार

डॉक्टरांनी सांगितलं म्हणून ही वही. छातीत धडधड झाली की वेळ लिहायची, किती मिनिटं टिकली ते लिहायचं आणि त्याआधी काय चाललं होतं तेही लिहायचं. म्हणजे भीती नक्की कशाची वाटते ते कळेल म्हणे. मी म्हटलं, डॉक्टर, कशाची वाटत नाही ते लिहितो, एका पानात मावेल. ते हसले नाहीत. तुमचा ईसीजी चांगला आहे म्हणाले. चांगला आहे तर वही कशाला, हा प्रश्न मी गिळला आणि घरी आलो.

आजची धडधड: सकाळी अकरा दहा, चार मिनिटं. आधी काय चाललं होतं: साहेबांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं की आपल्याकडे नवीन यंत्र येतंय, ते शिकायला तुम्ही मोठ्या शहरात जायचं. पुढच्या सोमवारपासून नऊ दिवस.

मी इस्पितळात तळमजल्यावर, खोली नंबर नऊमध्ये, लोकांना फुंकायला लावतो. एकवीस वर्षं हेच काम. नाकाला चिमटा, तोंडात नळी, आणि मी समोर उभा राहून ओरडतो: "घ्या, घ्या, भरून घ्या... आता सोडा! फुंका, फुंका, फुंका, अजून, अजून, संपेपर्यंत!" निदान सहा सेकंद फुंकावं लागतं. फुफ्फुसात किती दम आहे ते यंत्र सांगतं. पेशंट घामाघूम होऊन विचारतात, किती आलं हो? आम्ही सांगायचं नसतं. रिपोर्ट डॉक्टर सांगतील, एवढंच म्हणायचं. बायको म्हणते, घरात तुमच्या तोंडून शब्द फुटत नाही आणि तिथे कसे ओरडता? तिथे माझ्याकडे कुणी बघत नसतं. जो तो आपल्या श्वासाच्या काळजीत असतो.

त्या शहरात मी बावीस वर्षांत पाऊल टाकलेलं नाही. दादा तिथे राहतो. म्हणजे राहत असावा.

४ नोव्हेंबर

बायको चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. संध्याकाळी घरी आली, चपलाही न काढता गॅलरीत गेली आणि फोनवर हळू आवाजात बोलत राहिली. मी पाणी प्यायच्या निमित्ताने दाराशी गेलो. "दहा तारखेपासून. हो, एकटेच... नाही, त्यांना काही सांगितलेलं नाही. आधीच घाबरट आहेत."

मला बघून फोन ठेवला. कोण म्हटलं तर म्हणाली, बहीण.

तिची बहीण कानाने अधू आहे. तिच्याशी बायको हळू आवाजात कधीच बोलत नाही, अख्ख्या मजल्याला ऐकू जातं. म्हणजे हा डॉक्टरांचा फोन होता. ईसीजी चांगला आलेला नाही आणि ते दोघं मिळून माझ्यापासून लपवताहेत. धडधड: सात चाळीस, अकरा मिनिटं.

जेवताना तिने विचारलं, "अहो, दमा असलेल्या माणसाने गाणं म्हटलं तर चालतं का?"

"कुणाला आहे दमा?"

"दुकानात एक गिऱ्हाईक येतं."

मी म्हटलं, आधी तपासणी करायला सांग. ती म्हणाली, "तो तयारच होत नाही ना. नळी बघूनच पळतो." असे खूप असतात. आकडा कळला की आजार खरा होतो, असं त्यांना वाटतं.

५ नोव्हेंबर

आज सत्तेचाळीस पूर्ण. आणि तो फोन आलाच.

दरवर्षी येतो. वाढदिवसाच्या दिवशी, सकाळी पावणेसातला. समोरून कुणी बोलत नाही. नुसता श्वास. अर्धा मिनिट, कधी एक मिनिट, मग बंद. नंबर दिसत नाही. घरात तारेचा फोन होता तेव्हापासून हे चालू आहे. मी मोबाइल घेतला तर त्यावरही आला, नंबर बदलला तर त्या नंबरवरही. एकदा माझ्याकडे फुंकताना एका म्हाताऱ्याला भोवळ आली होती. त्याचा मुलगा बघून घेईन म्हणाला होता. तो असेल का? पण बघून घ्यायला इतकी वर्षं कशाला लावेल?

या वेळी श्वास बदललेला होता. सवयीने मी सेकंद मोजले. बाहेर टाकतानाच्या शेवटाला बारीक शिट्टी. गेल्या वर्षी नव्हती. ज्याचा कुणाचा श्वास आहे त्याच्या नळ्या आवळल्या आहेत. मला धमकावणारा माणूस स्वतःच आजारी आहे, या विचाराने बरं वाटायला हवं होतं, पण उलट जास्त भीती वाटली. धडधड: सहा शेहेचाळीस, चौदा मिनिटं.

बायको ओट्याशी उभी होती. म्हणाली, "दरवर्षी नुसतं 'कोण, कोण' काय करता? काहीतरी बोला की समोरच्याशी."

"आणि त्याने शिवी दिली तर?"

"तर ऐकून घ्या," ती म्हणाली आणि माझ्यापुढे चहा आपटला. वाढदिवसाच्या दिवशी!

७ नोव्हेंबर

तिने जेवणानंतर एक पाकीट पुढे केलं. आत तिकीट. "जुन्या हिप-हॉपची संध्याकाळ. शनिवार आणि रविवार, सायंकाळी सहा." खाली तीन गटांची नावं. तिसरं नाव: उलटे पाढे.

मला एकदम कानात गरम वाटलं. ती म्हणाली, "दुकानातल्या मैत्रिणीला मिळालं होतं. तिला जायचं नाही. तुम्ही त्याच शहरात असणार, म्हणून घेतलं. शनिवारचं आहे. तिसरी रांग, सतरा नंबर." सतरा नंबर तिला पाठ होता.

मी म्हटलं, मी जाणार नाही. ती म्हणाली, बरं. आणि तिकीट माझ्या चष्म्याच्या घरात घडी करून ठेवलं.

डॉक्टरांनी "त्याआधी काय चाललं होतं" ते लिहायला सांगितलंय. मग जरा आधीपासूनच लिहितो.

दादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. त्याला लहानपणापासून दमा. वडील रोज संध्याकाळी दोघांना भिंतीशी उभं करून पाढे म्हणायला लावायचे. दादाचा दम ओळीच्या शेवटाला संपायचा आणि वडिलांना वाटायचं, याला आकडा येत नाही. पाठीत धपाटा बसायचा. मग आम्ही युक्ती केली. तो म्हणायचा "सात पाचे" आणि मी म्हणायचो "पस्तीस". तेवढ्यात तो श्वास घ्यायचा. वडिलांना वाटायचं, काय एकजूट आहे पोरांची!

पुढे दादा गाणी लिहायला लागला, ती झपझप बोलायची गाणी, तेव्हाही त्याने तशीच लिहिली. ओळ त्याची, शेवटचा शब्द माझा. त्याच्या गाण्यांत श्वास घ्यायला दुसरी जागाच नव्हती. त्या पोकळीत मी उभा असायचो, म्हणून माझं नाव पडलं टेकू. तबकड्या फिरवायला एक मित्र होता, त्याला आम्ही चकती म्हणायचो. तिघांचा गट, उलटे पाढे. दोन-तीन वर्षं गल्लोगल्ली पोरांच्या तोंडी आमच्या ओळी होत्या. खोटं सांगत नाही, वहीत कशाला सांगू?

शेवटच्या कार्यक्रमाला कॅसेट कंपनीचा माणूस येऊन पहिल्या रांगेत बसला होता, मांडीवर कागद घेऊन. "जिना" हे गाणं चालू होतं. दुसरं कडवं. मी त्या माणसाच्या पेनाकडे पाहिलं आणि माझी जीभ टाळ्याला चिकटली. पाणी पिऊन येतो असा हात केला, पडद्यामागे गेलो, आणि तिथून बाहेर, आणि बाहेरून बस. परत फिरलो नाही.

दादा थांबला नाही. स्वतःचे शब्द आणि माझे शब्दही म्हणत गेला, आणि कडवं संपायच्या आत तोंडावर पडला. पुढचे दोन दात गेले. चकतीने पत्रातून कळवलं. इस्पितळात दाखल केलंय, ये, असंही लिहिलं होतं. आज जातो, उद्या जातो, असं करत बावीस वर्षं गेली.

त्यानंतर वर्षभरात ही फुंकवायची नोकरी लागली. जी मिळाली ती घेतली. त्यात काही अर्थ शोधू नये.

१० नोव्हेंबर, सोमवार

पोचलो. राहायची सोय एका अरुंद इमारतीत चौथ्या मजल्यावर. खाली किल्ल्या बनवणाऱ्याचं दुकान, दिवसभर कानस घासल्याचा आवाज. खोलीत कॉट, टेबल, भिंतीवर आग लागली तर काय करावं याचा तक्ता. तो पहिल्यांदा वाचला. जिना एकच आहे.

रस्त्यात दोनदा पाठमोरा दादा दिसला. दोन्ही वेळा दुसरंच कुणी निघालं. एक तर बाई होती.

धडधड: मोजायची राहिली. बहुतेक दिवसभर एकच.

११ नोव्हेंबर

प्रशिक्षण देणाऱ्या बाई उंच, करड्या केसांच्या, आवाज माझ्याहून दणदणीत. नवीन यंत्र छोटं आहे, पडद्यावर रेघ काढतं. पहिल्या दिवशी एकमेकांनाच फुंकायला लावलं. एकवीस वर्षांत मी पहिल्यांदा नळीच्या या बाजूला आलो. बाई ओरडल्या, "फुंका, फुंका, अजून, अजून!" आणि मी चौथ्या सेकंदाला थांबलो.

"पुन्हा," बाई म्हणाल्या.

पुन्हा चौथ्याला.

"तुमचा दम उत्तम आहे हो. तुम्ही शेवट सोडून देता. भीती वाटते का?"

सगळे हसले. मीही हसलो. नंतर मोरीत जाऊन तोंड धुतलं.

१३ नोव्हेंबर

किल्लीवाल्याच्या दुकानाशेजारच्या भिंतीवर फलक लागलाय. दादा. दाढी पांढरी झाली आहे, डोक्यावर तीच टोपी. फोटोत तो हसत नाहीये, ओठ मिटून उभा आहे. दातांमुळे असेल.

किल्लीवाला म्हणाला, "तुम्हीही जुने शौकीन दिसता. उलटे पाढे! त्यात एक दुसरा होता बघा, बारका. शेवटचे शब्द म्हणायचा. काय झालं त्याचं?"

मी म्हटलं, वारला.

का म्हटलं असं? वर येऊन कॉटवर बसलो. नऊ मिनिटं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

गेलो होतो.

ठरवून नाही. साडेपाचच्या सुमाराला चष्मा पुसायला त्याचं घर उघडलं, तिकीट हातात आलं, आणि पाय चालायला लागले. खेळांसाठी बांधलेलं मोठं बंदिस्त सभागृह. शिरल्या शिरल्या बाहेर पडायची दारं मोजली. चार, त्यातलं एक कुलूपबंद. रखवालदाराला सांगितलं तर तो म्हणाला, काका, तुम्ही बसा.

मला वाटलं होतं पोरं असतील. सगळे माझ्याच वयाचे. एकेकाळी ढगळ विजारी घालणारे आता पट्टा शेवटच्या भोकात अडकवून आले होते. माझ्या पुढचा माणूस पहिल्याच ठोक्याला उडी मारायला उठला आणि कंबर धरून खाली बसला. त्याची बायको म्हणाली, "झालं समाधान?" शेजारची बाई मोबाइलच्या उजेडात गोळी शोधत होती. सगळे खुशीत होते. मी खुर्चीचे दोन्ही हात धरून बसलो होतो.

पहिले दोन गट झाले. मग दिवे गेले, आणि चकती आला. गळ्यात दोरी लावलेला चष्मा. तो डोळ्यांवर चढवून त्याने तबकडीवर सुई ठेवली. मग दादा आला.

पहिलं गाणं छोटं होतं, निभावलं. दुसऱ्यात चौथ्या ओळीनंतर त्याचे खांदे वर यायला लागले. खांद्यांनी श्वास घेणारा माणूस माझ्या खोलीत आला की मी आधी खुर्ची पुढे करतो, नाव नंतर विचारतो. इथे हजारभर माणसं नाचत होती आणि त्याचे खांदे वरखाली होत होते, आणि ते मला एकट्यालाच दिसत होतं. माईक तोंडाजवळ असल्यामुळे श्वासाच्या शेवटची शिट्टी सभागृहभर ऐकू येत होती. लोकांना वाटलं असेल, यंत्राचा आवाज आहे.

मग "जिना" सुरू झालं. त्याने माईक पुढे केला.

"लिफ्ट आमची बंद, तिच्यात मांजर देते..."

"पिल्लं!" सगळं सभागृह ओरडलं.

"जिना चढता चढता आमचं निम्मं वय..."

"गेलं!"

मला हायसं वाटलं. दम संपलाय, पण लोक त्याचं भागवून नेताहेत. मात्र माईक सारखा आमच्याच बाजूला का करत होता, कळेना. दुसऱ्या कडव्याला त्याने तळहात वर करून सगळ्यांना गप्प केलं. ठोका नुसता चालू राहिला.

"पाचव्यावरच्या काकू म्हणती थांबा, प्या जरा..."

आणि थांबला. माईक तिसऱ्या रांगेकडे. कुणी बोललं नाही. तो डोळे बारीक करून अंधारात बघत होता. शब्द आठवत नसावा, किंवा दम पूर्ण संपला असावा. मला दोन दात दिसले. म्हणजे नसलेले. आता पडणार, मला वाटलं, आता तोंडावर पडणार, आणि पुन्हा माझ्यासमोर.

मी उठलो. लोकांच्या गुडघ्यांना धडकत बाहेर पडलो. पायऱ्यांवर बसलो. धडधड: सात पन्नास, किती वेळ ते माहीत नाही. रखवालदाराला विचारलं, आत कुणी पडलं का हो? तो डोकावून आला. "नाही काका. नाचताहेत."

१६ नोव्हेंबर, रविवार, सकाळ

पावणेसातला फोन वाजला. नंबर नाही. आज माझा वाढदिवस नाही.

उचलला. श्वास. चार सेकंद, आणि शेवटच्या सेकंदाला शिट्टी.

कालचीच शिट्टी. सही ओळखावी तसा मी श्वास ओळखतो. हे माझं पोटापाण्याचं काम आहे, आणि हा एक श्वास इतकी वर्षं कानाशी येत होता आणि मी त्याला "कोण, कोण" विचारत होतो.

"दादा?"

या वेळी फोन कट झाला नाही.

"काल गेलास," तो म्हणाला.

"हो."

"जिन्याच्या दुसऱ्या कडव्याला."

"हो."

"तेव्हाही दुसऱ्याच कडव्याला गेला होतास. काहीही म्हण, सवय मोडली नाहीस."

मला रडू आलं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "आज पुन्हा आहे. पाचला मागच्या दाराने ये. गायला नको. भेटायला ये."

लगेच बायकोला फोन लावला. माझं काही ऐकायच्या आत तिनेच विचारलं, "बोललात का?"

"तुला माहीत होतं?"

"चौदा वर्षं. नंबर बदलला की मीच कळवते त्यांना. तिकीटही त्यांनीच पाठवलं होतं."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"ते म्हणाले होते, त्याने ओळखलं तर ठीक, नाहीतर राहू दे. मी वाट बघत होते, अहो. दरवर्षी ओट्याशी उभी राहून वाट बघत होते." मग म्हणाली, "आता तोंड धुवा आणि काहीतरी खाऊन घ्या."

म्हणजे गॅलरीतला फोन डॉक्टरांचा नव्हता. माझा ईसीजी खरोखरच चांगला आहे.

१६ नोव्हेंबर, सहा वाजून गेले

रंगमंचामागे लोखंडी पेटीवर बसून लिहितोय. अक्षर वाकडं येतंय.

दादा खुर्चीत बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून. माझ्याकडे बघून हसला. खालचे-वरचे सगळे दात दिसले, पुढचे दोन जरा जास्तच पांढरे. म्हणजे ते काल मला दिसलेलं वगैरे सगळं माझ्या डोक्यातलं. "टेक्या," तो म्हणाला, "टक्कल शोभतंय." चकतीने मिठी मारली आणि त्याचा चष्मा माझ्या शर्टाच्या बटणात अडकला. तो सोडवण्यात पाच मिनिटं गेली. त्यामुळे माफी वगैरे जे मी रस्ताभर पाठ करत आलो होतो ते मागेच पडलं.

दादाचा श्वास जवळून ऐकला. बसल्या जागी शिट्टी. पंप दोनदा मारूनही. मी म्हटलं, आज गाऊ नकोस. आधी तपासणी कर. उद्या सकाळी माझ्या प्रशिक्षणाच्या ठिकाणी ये, मी करवून घेतो.

"नाही," तो म्हणाला. "ती नळी मला नको."

"का?"

"भीती वाटते."

दादाला! तो जमिनीकडे बघत म्हणाला, "आकडा कळला की मग रोज तोच डोक्यात राहील. जितका दम आहे तितका आहे."

"मग आज स्टेजवर पडलास तर?"

"म्हणून तर तुला बोलावलं." आणि वर बघून म्हणाला, "तू वर ये, मी उद्या नळीत फुंकतो. दोघंही घाबरलोय. होऊन जाऊ दे."

मी अजून हो म्हटलेलं नाही. पहिल्या गटाचा ठोका सुरू झालाय, पेटी थरथरतेय. मागचं दार इथून बारा पावलांवर आहे. मोजलंय.

१७ नोव्हेंबर, सोमवार

काल चढलो. पायऱ्या पाच. दिव्यांमुळे समोर काही दिसत नव्हतं, तरी पहिल्या रांगेत कुणीतरी मांडीवर कागद घेऊन बसलंय असंच वाटत होतं. जीभ टाळ्याला चिकटली. अगदी तशीच. चकतीने ठोका सुरू केला आणि माझी मान आपोआप दाराकडे वळली.

दादाने हात वर करून ठोका थांबवला. सगळं सभागृह शांत. त्याने माईक तोंडाशी धरला आणि गाण्याऐवजी म्हणाला,

"सात एके."

लोक हसले. मी त्याच्याकडे पाहिलं. तो श्वास घेत होता. खांदे वर. माझ्यासाठी थांबला होता.

"सात," मी म्हटलं.

"सात दुणे."

"चौदा."

"सात त्रिक."

"एकवीस." माझा आवाज स्पीकरमधून परत आला, आणि तो माझाच होता. पस्तीसला पोचेपर्यंत चकतीने खाली ठोका सरकवला होता. सत्तरला सभागृह उभं राहिलं. मग "जिना". दुसरं कडवं आलं.

"पाचव्यावरच्या काकू म्हणती थांबा, प्या जरा..."

"पाणी!"

"थांबलो तर सांडतील ना डोक्यामधली..."

"गाणी!"

तेव्हा मला शनिवारचं कळलं. तो काही विसरला नव्हता. जागा ठेवत होता. खाली उतरल्यावर मी मागच्या भिंतीशी जाऊन ओकलो, हेही लिहून ठेवतो.

आज सकाळी नऊला तो आला. इस्तरीचा शर्ट घालून, परीक्षेला बसणाऱ्या पोरासारखा. बाईंना मी सांगितलं, माझा भाऊ आहे. त्या बाजूला झाल्या. मी त्याच्या नाकाला चिमटा लावला. नळी दिली. त्याने माझं मनगट धरून ठेवलं.

"घे, घे, भरून घे... सोड! फुंक, फुंक, फुंक, अजून, अजून, अजून..."

पडद्यावरची रेघ वर गेली नाही, खचली आणि आडवी सरपटायला लागली. तिसरा सेकंद. चौथा. त्याचे डोळे माझ्यावर होते. चेहरा लाल. मान ताठ. शेवट येत होता आणि त्याच्याजवळ काही उरलं नव्हतं, आणि आयुष्यभर अशा वेळी मी पुढचं म्हणून टाकलं होतं. इथे ते चालत नाही. नळी एकच असते. मी नुसता ओरडत राहिलो, "अजून, अजून, दादा, अजून!" बाहेरच्या बाकावरचे लोक आत डोकावले.

सहा सेकंद. शेवटपर्यंत फुंकलं त्याने. मला चार जमतात.

चिमटा काढला. तो हातांवर डोकं टेकून बसला. मग मान वर न करता म्हणाला, "किती?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. नियम मला माहीत आहे. हजारो माणसांना मी हाच नियम ऐकवलाय. त्यांनी होकारार्थी मान हलवली आणि त्या खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"अडतीस," मी म्हटलं. "शंभरापैकी."

त्याने नळी टेबलावर ठेवली. मग म्हणाला, "पस्तीसला पास असतं ना रे?"

"हो."

"मग झालं की."

आम्ही दोघंही हसलो, त्याला खोकला आला, मी पाठीवरून हात फिरवला. बाईंनी चार वेळा पंप दिला. पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकायचं, औषधाने किती फरक पडतो ते बघायला. आम्ही बाहेरच्या बाकावर येऊन बसलो. मी खूप घाबरलोय. अडतीस म्हणजे काय ते मला चांगलं माहीत आहे, आणि ते मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

"वाढदिवसाला फोन करायचो," तो म्हणाला. "काय बोलायचं ते सुचायचं नाही."

"आता सुचेल?"

"तूच बोल पुढच्या वर्षी. मी श्वास घेतो."

मग त्याने ही वही पाहिली आणि विचारलं, काय लिहितोस? मी म्हटलं, धडधड. तो म्हणाला, दाखव. मी नाही दाखवली. त्याने माझा हात ओढून स्वतःच्या छातीवर ठेवला आणि म्हणाला, मग ही पण लिही.

नऊ बेचाळीस. दोघांची. चालू आहे.